झेंडूत भिजलेली चटई

लग्नाला दीड वर्ष झालं तरी बायको खडवलीला माहेरीच होती. सासरे शब्दाचे पक्के. "जावईबापू, नोकरी कायम झाली की मुलगी पाठवतो," म्हणाले, आणि मी डोंबिवलीच्या एका खोलीत स्वतःच्या हातची करपलेली भाकरी खात राहिलो.

नोकरी ठाण्याला, खाडीजवळच्या एका प्रयोगशाळेत. पन्नास सालानंतरची गोष्ट. रडारच्या लहरी गिळून टाकील अशी चटई आम्हाला करायची होती. काथ्याची चटई, तिच्यावर रबराचा चीक, त्यात कालवलेली लोखंडाची बारीक पूड. चटईमागे पत्रा आणि समोर लहरी सोडणारा पितळी कर्णा. लहरी किती परत आल्या ते मीटरचा काटा सांगे. काटा शून्यावर आला की तू कायम, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. माणसाच्या अंगातलं पाणीही लहरी खातं, म्हणून मोजताना खोलीत दुसरं कोणी चालत नसे. दिवसभर मी आणि तो काटा. काटा काही खाली येईना. पूड कमी पडली तर लहरी आरपार जाऊन पत्र्यावरून परत, फार झाली तर चटईच पत्रा होऊन बसायची. मला त्या चटईचा भयंकर राग येई.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. शिपायानं बादलीत बुडवून ठेवलेल्या झेंडूच्या माळा मीटरला, कर्ण्याला आणि चटईलाही घातल्या, वर तांब्याभर पाणी शिंपडलं. देवाच्या कामात त्याचा हात सढळ. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून सगळं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी माळा काढल्या, बटण दाबलं आणि काटा धाडकन शून्यावर! मी ओरडूनच साहेबांना बोलावलं. "सोमवारी पुन्हा दाखव, मग तुझा कागद पुढे पाठवतो," ते म्हणाले. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. रविवारी खडवली गाठली आणि नोकरी कायम झाल्याचं सांगून मोकळा झालो. सासूबाईंनी पुरण घातलं. बायकोनं ट्रंक भरायला काढली. गुरुवारी तिचा भाऊ तिला पोचवणार असं ठरलं. येताना मी आणखी एक कपबशी घेतली.

सोमवारी काटा पुन्हा वरच, खाली येईना. साहेब निघून गेले. मी चटई उलटी केली, तर काथ्यात झेंडूची एक पाकळी वाळून चिकटलेली. लहरी माझ्या लोखंडानं नव्हे, पूजेच्या पाण्यानं गिळल्या होत्या, आणि ते पाणी ऑक्टोबरच्या उकाड्यात उडून गेलं होतं. आधी हसू आलं, मग रडू.

मंगळवारी खडवलीला जाऊन सांगावं लागलं. सासरे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. "पुढच्या दसऱ्याला बघू," एवढंच म्हणाले. निघताना बायको अंगणापर्यंत आली. हळूच म्हणाली, "अहो, मी तशीही आले असते. पण मला कुणी विचारलंच नाही."

त्या 'कुणी'त मीही होतो. गाडीची वेळ झाली होती.

बुधवारी कामावर गेलो. नेहमीसारखं खोलीचं दार लावून घेतलं. चटई काढून भिंतीला टेकवली आणि तिच्या जागी, कर्ण्यासमोर, मीच उभा राहिलो. काटा खाली आला. बघायला खोलीत कोणी नव्हतं.