मोहाखालचा थर्मल कॅमेरा

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात इंग्रजी वाचणारा म्हणून माझं नाव निघालं आणि तिथेच मी अडकलो. गावाच्या समितीने वाघावर लक्ष ठेवायला थर्मल कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं. मोहफुलं वेचायला बाया पहाटे जंगलात जातात. त्याआधी कुणीतरी झुडपं बघून घ्यायची. त्या बायांत माझी बायकोही असते. म्हणून कॅमेरा निवडण्यात मी जीव ओतला.

मोबाइलवर माहितीपत्रकं वाचून डोळे दुखले. दोन किलोमीटरवरचं दिसतं असं लिहितात, म्हणजे तिथे नुसता ठिपका दिसतो. तो वाघ की डुक्कर हे कळायला बरंच जवळ जावं लागतं. विकणाऱ्यांची ही लबाडी मी पकडली. जास्त पिक्सलचा, रुंद बघणाऱ्या लेन्सचा, तापमानातला बारीक फरकही ओळखणारा कॅमेरा मी निवडला. थंडीत बांधावरून पाहिलं तर शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्याजवळचा ससासुद्धा पांढराशुभ्र चमकला. समिती खूश, मी तर हवेत.

मग चैत आला. मोह गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन काळी झाली की फूल उठून दिसतं, वेचणं भरभर होतं. घराघराची झाडं ठरलेली. आमच्या झाडांखाली आदल्या संध्याकाळी मीच आग लावली होती.

पहाटे बाया टोपली घेऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं पांढरं. राखेतले बुंधे अजून धुमसत होते, तापलेले दगड निवालेच नव्हते. त्या झळाळीत वाघ बसला असता तरी मला कळला नसता.

"काऊन उभं करून ठेवलं जी आमाले? तिकडं डुकरं फुलं खाऊन राह्यली," बायको म्हणाली.

"मले काईच समजून नाई राह्यलं."

"मंग हे डबडं आणलं कायले?"

जाऊ नका म्हणावं तर वर्षाचं तेलमीठ त्या फुलांवर. जा म्हणावं तर जीभ उचलेना. माझा असा संताप झाला की कॅमेरा तिथेच आपटावा. शेवटी तो गळ्यात अडकवला, पत्र्याचा डबा बडवत पुढे झालो आणि बाया मागून आल्या. त्या दिवशी काही झालं नाही.

समितीत मीच सुचवलं, आता मोहाखाली आग लावायची नाही. सगळ्यांनी मान डोलावली. आता कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतं. पण फुलं पाचोळ्यात दडतात. एकेक पान बाजूला सारून वेचावी लागतात, आणि जे काम उन्हं यायच्या आत उरकायचं ते चढत्या उन्हापर्यंत पुरतं. तेवढा वेळ बायको वाकलेली. वाघ वाकलेल्या माणसावर येतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मी बांधावरून कॅमेरा फिरवत राहतो. झुडपं काळी, जमीन काळी, मधे ती पांढरी, चार पायांच्या जनावरासारखी बुटकी. मी ओरडतो, "थोडी सरळ उभी राय ना!"

"उभ्यानं फुलं वेचता येतात का जी?" ती तिथूनच म्हणते, आणि वाकलेलीच राहते.