जागा निवडणारा शेवटी

आमच्या सूर्यभानला बर्फाचं वेड कधी लागलं, ते मी सांगू शकतो. का लागलं, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही. पडेगावच्या धनगराचं पोर, बापाचा सगळा जन्म मेंढरांमागं उन्हात गेलेला, आणि याला हौस गारठ्याची. मला स्वतःला थंडी अजिबात सोसत नाही. दिवाळी झाली की मी मफलर काढतो, तो शिमगा होईपर्यंत कानावरून उतरत नाही.

सूर्यभान तरुणपणी लष्कराच्या छावणीतल्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा. तिथं हिमालयाकडचे एक साहेब राहायला आले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून दोन लांब फळ्या उभ्या राहिल्या. टोकं वर वळलेली. सूर्यभानला वाटलं, कसलं तरी औत असेल. साहेबांनी सांगितलं, या पायांना बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून उभ्यानं खाली यायचं. पाय उचलायचा नाही, पळायचं नाही. आपण नुसतं उभं राहायचं, उतारच आपल्याला नेतो. सूर्यभान झारी हातात धरून ऐकत राहिला आणि एकाच गुलाबाच्या बुडाशी सगळी झारी रिकामी झाली. त्याबद्दल त्यानं बोलणीही खाल्ली.

मग त्याला स्वप्नं पडू लागली. बर्फ कधी पाहिलेला नाही, तर स्वप्नात येणार काय? सिल्लोडला जिनिंगच्या आवारात त्यानं कापसाचे ढीग पाहिले होते, तेच आले. झोपेत तो कापूस वाढत वाढत दौलताबादच्या डोंगरांवर पसरायचा. बापाची मेंढरं त्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची, फक्त त्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायच्या. त्या आवाजामागं सूर्यभान उभ्यानं खाली यायचा, आणि उतार काही संपायचा नाही. सकाळी छावणीच्या मैदानावर फिरताना हे स्वप्न त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं, की एकदा ते मलाच पडलं. मी मफलर शोधत जागा झालो.

एका हिवाळ्यात त्यानं करून पाहिलंच. आंब्याच्या पेटीच्या फळ्या सुतळीनं पायांना बांधल्या आणि पडेगावमागच्या टेकडीवर गेला. वाळकं गवत निसरडं असतं, हे मेंढरामागं हिंडणाऱ्याला शिकवावं लागत नाही. चार-सहा हात तो खरंच घसरला, म्हणे. मग एक फळी दगडाला अडली आणि हा निवडुंगात. गळ्याजवळचं हाड मोडलं. गावात सांगितलं, झाडावरून पडलो. खरी गोष्ट तेव्हा एकट्या सखूबाईला ठाऊक, म्हणजे त्याच्या बायकोला, कारण काटे तिनं काढले.

आता त्याच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढरं घेऊन हिंडताना रोज नव्या रानात मुक्काम पडतो. कुठं बसायचं, ते एक जण पुढं जाऊन ठरवतो आणि बाकीचे निमूट मागं येतात. पण ज्यानं जागा निवडली, त्यानं शेवटी बसायचं. पाणी शेवटी, भाकर शेवटी, अंथरूण कडेला. निवडणाऱ्यानं स्वतःची सोय बघू नये म्हणून. सूर्यभानचा बाप जन्मभर कडेला झोपला. मेंढरं विकून वर्षं लोटली, सूर्यभानची पोरं नोकरीला लागली, पण ही रीत काही त्याच्या अंगातून गेली नाही. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपनं चहाची टपरी बदलली तेव्हा नवी टपरी यानं सुचवली होती, तर आजही चहा शेवटी घेतो. मी त्याला यावरून पुष्कळ छळलं आहे.

या ग्रुपचे पुढारी तात्यासाहेब, निवृत्त मास्तर. एका माघात त्यांनी जाहीर केलं की आपण सगळे हिमाचलात बर्फ पाहायला जाणार. सखूबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की या माणसाला एकदा फळ्यांवर उभं राहू द्या, साठी उलटली, आता नाही तर कधीच नाही. मला यायचं नव्हतं. गेलो.

तिथं पोचल्यावर कळलं की बर्फाच्या जागा दोन, शेजारी-शेजारी, आणि एकीकडं गेलं की दिवस तिथंच जाणार. नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही एकीला थोरली म्हणालो, दुसरीला धाकटी. थोरलीकडं तारेवरून जाणारे पाळणे, गरम जेवण, बसायला छपऱ्या आणि ही गर्दी. धाकटीकडं देवदारांच्या मधला एक मोकळा उतार, फळ्या देणारा एक म्हातारा पहाडी, बाकी काही नाही. वाद सुरू झाला. तात्यासाहेबांना पाळण्यात बसायचं होतं, ग्रुपमधल्या रामकिसनला गर्दी नको होती. शेवटी तात्यासाहेब म्हणाले, जागा निवडण्यात सूर्यभानच्या घराण्याचा जन्म गेला, त्यालाच विचारा.

सूर्यभाननं मोबाइलवर दोन्हींचे फोटो पाहिले. धाकटीच्या फोटोवर त्याची नजर अशी खिळली, की मी समजलो हाच तो कापूस. मग त्यानं मान वर करून तात्यासाहेबांच्या पत्नी आशाबाईंकडं पाहिलं. त्यांना दम्याचा त्रास.

"थोरली," तो म्हणाला. "तिथं बसाया आडोसा हाय."

मला त्याचा राग आला. निवडायला सांगितलं तर माणसानं स्वतःसाठी थोडं तरी निवडावं.

थोरलीवर गर्दीमुळं आम्हा सगळ्यांत मिळून फळ्यांचा एकच जोड मिळाला. सूर्यभान अर्थातच शेवटी. तुझी हौस जुनी, तू आधी जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो जागचा हलला नाही. रामकिसन घसरला, तात्यासाहेब शिकवणाऱ्याच्या अंगावर पडले. सखूबाई नऊवारीवर स्वेटर घालून दहा पावलं गेली आणि मटकन बसली, हसून हसून तिला उठता येईना. सूर्यभान टाळ्या वाजवत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं फळ्यांबरोबरचा एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि डोंगरावरून ढग उतरला. समोरचा माणूस दिसेना. शिकवणाऱ्यानं फळ्या गोळा केल्या. सूर्यभाननं घातलेला बूट काढला, आतून पुसला आणि दोन्ही नीट जोडीनं ठेवले.

"व्हतं असं," तो म्हणाला. सखूबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची बस संध्याकाळवर गेली. सकाळी लख्ख ऊन पडलं, आशाबाईंनाही बरं वाटत होतं. नाश्त्याला तात्यासाहेबांनी विचारलं, आज कुठं? सगळ्यांच्या माना सवयीनं सूर्यभानकडं वळल्या. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, बोलण्यासाठी तोंड उघडलं.

"धाकटी," मी म्हणालो. "जागा मी निवडली."

टेबलावर कुणाला काही विशेष वाटलं नाही. रामकिसन म्हणाला, यानं कधीपासून बर्फात लक्ष घातलं? सूर्यभान मात्र माझ्याकडं बघत राहिला. रीत त्याचीच होती, तिला तो नाही म्हणू शकत नव्हता.

"बद्रीभाऊ," तो हळूच म्हणाला, "मंग तुमाला शेवटी बसावं लागंल."

"बसतो की."

धाकटीवर वाराही नव्हता. देवदारांच्या मधून तो पांढरा उतार खाली गेला होता आणि त्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. पहाडी म्हाताऱ्यानं सूर्यभानच्या पायांना फळ्या बांधल्या, हातांत काठ्या दिल्या. काठी हातात आल्यावर तो मला एकदम तरुण दिसला. म्हाताऱ्यानं पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

सूर्यभान निघाला. पळाला नाही, पाय उचलला नाही. नुसता उभा होता आणि उतार त्याला नेत होता. फळ्यांचा सरसर आवाज थोडा वेळ आला, मग तोही येईना. फार लांब नाही गेला तो, आमच्या मैदानाच्या अर्ध्याइतकाही नाही, पण मला वाटलं हा आता थांबायचाच नाही. खाली सपाटीवर तो आपोआप थांबला. पडला नाही. सखूबाई माझ्या शेजारी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

खाली त्यानं मागं वळून पाहिलं आणि त्याच्या बापाची मेंढरांना घालायची ती लांब हाक घातली. कळपातलं शेवटचं मेंढरू आलं का, हे पाहायला घालतात ती. सगळे हसले. हाक कुणासाठी होती, ते मला कळलं. मी हात वर केला.

मग एकेक करून सगळे गेले, सूर्यभान सगळ्यांच्या आग्रहानं दोनदा गेला. मी माझ्या पाळीची वाट बघत पाय आपटत उभा राहिलो. दुपारी पुन्हा ढग आला आणि म्हाताऱ्यानं फळ्या आवरल्या. माझी पाळी काही आली नाही. मला थंडी सोसत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.