भटाच्या मुलाचं पोर्तुगीज

रेवदंड्यात आमच्या घरी भिक्षुकी. वडिलांना मंत्र झोपेतही पाठ, आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नेमका संस्कृतात आपटलो. बाकी सगळ्या विषयांत पास. रस्त्यात वडील दिसले, की लोक मुद्दाम विचारत, "काय गुरुजी, चिरंजीवांचं कसं झालं?" शेवटी वडील मला म्हणाले, "आणखी एकदा बस. या खेपेला गेलास तर कॉलेज बंद. माझ्यामागून पोथी धर आणि सत्यनारायण सांगत फिर." सत्यनारायणाशी माझं भांडण नव्हतं. पण चौरंगाला केळीचे खांब बांधत जन्म काढायची माझी तयारी नव्हती.

परीक्षेला इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा घेतलीच पाहिजे, असा नियम होता. ती संस्कृतच हवी, असं मात्र नव्हतं. यादीत फारसी होती, फ्रेंच होती, आणि चक्क पोर्तुगीजही होती. खाडीपलीकडे कोर्लईचे ख्रिस्ती घरात पोर्तुगीजच बोलतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संस्कृत घोकून मरण्यापेक्षा ही भाषा खाडीवरच्या तरीत बसून जाऊन आणता येईल, असा हिशेब करून मी अर्ज दिला.

आमच्या बाजारात कोर्लईची एक म्हातारी भाजी विकायला येई. सगळा गाव तिला मावशी म्हणे. मी तिला शिकवायला विचारलं. "आमची बोली कालेजात?" ती म्हणाली. "आमचा पाद्री बी हसतो रे तिला, बाला." मग सुट्टीभर रोज सकाळी मी तिच्या वाडीवर. वाफ्यांना पाणी घालताना, कोंबड्या हाकलताना, सुनेला फैलावर घेताना तिचं शिकवणं चालू, आणि एकेक वाक्य माझ्याकडून दहादा वदवून घेणार. संस्कृतात कधी कुणी माझ्यावर इतकी मेहनत घेतली नव्हती.

वडिलांनी हे दोन अटींवर चालवून घेतलं. शिकून आल्यावर घरात शिरण्याआधी विहिरीवर आंघोळ करायची. आणि हातात भाजीची टोपली हवी, म्हणजे लोकांना वाटावं मुलगा बाजार करून आला. त्या मे महिन्यात आमच्या घराने जितकी वांगी खाल्ली तितकी आयुष्यात खाल्ली नसतील. एकदा मी विचारलं, घरात मनातल्या मनात उजळणी केली तर चालेल का? वडिलांनी पंचांग मिटून बराच वेळ विचार केला. म्हणाले, "ओठ हलले तर आंघोळ."

जूनमध्ये मुंबईला वर्गात गेलो. गोव्याचे सात-आठ ख्रिस्ती विद्यार्थी आणि शेंडीवाला मी. सरही गोव्याचेच. त्यांनी मला काहीतरी विचारलं. काय ते कळलं नाही, म्हणून मी मावशीने शिकवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, सुनेला घालायच्या शिव्यांसकट. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली. सर म्हणाले, "ही पोर्तुगीज नव्हे. तुम्ही आपलं संस्कृतच घ्या." माझ्या पाचावर धारण बसली. म्हटलं, "सर, अख्खं गाव बोलतं हो. येऊन बघा."

आणि दिवाळीत गृहस्थ खरंच आले. सूट, बूट, टाय. मावशीने अंगणात खुर्ची मांडली होती. सरांनी हॅट काढून, वाकून, लांबलचक काहीतरी म्हटलं. मावशी मान कलती करून ऐकत राहिली. मग ती बोलली आणि सर ऐकत राहिले. दोघांचंही मला धड कळत नव्हतं, पण मीच मध्ये बसून मराठीत दुभाष्याचं काम करू लागलो. थोड्या वेळाने मावशी कळवळून मला म्हणाली, "बिचाऱ्याला येत न्हाय रे. याला मास्तर कोनी केला?" आणि तिने टोपलीतलं एक वांगं उचलून सरांपुढे धरलं. सरांनी त्याचं तिच्या बोलीतलं नाव दहादा म्हटलं. करतात काय.

परतताना तरीत सरांनी हॅट मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "शब्द आमचेच आहेत, फार जुने. पण परीक्षक पास करणार नाही. मी शिकवतो तुम्हाला. मात्र म्हातारीचं एक वाक्यही तोंडात राहता कामा नये." मी लगेच हो म्हटलं. जरा तरी थांबायला हवं होतं, याची लाज मला अजून वाटते.

विसरायला शिकण्याच्या दुप्पट कष्ट पडले. पण पास झालो. "भाषेत उत्तम गुण," एवढंच सांगत वडिलांनी गावभर पेढे वाटले. मी चार पेढे घेऊन बाजारात मावशीकडे गेलो आणि सरांच्या शुद्ध पोर्तुगीजमध्ये म्हणालो, की हे सगळं तुझ्यामुळे झालं.

मावशीने मान कलती करून ऐकलं. पेढे तिने पदराच्या टोकाला बांधले, गाठ मारली, आणि मराठीत विचारलं, "भाजी कंची देऊ, भटजी?"

तिच्या बोलीत उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. एकही शब्द आठवला नाही.