बाराव्या प्रकरणाआधी

टायपिस्टबाईंचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं, पण बोटं अशी चालायची की शेजारच्या खोलीतले कारकून म्हणत, "बाईंचं मशीन आहे की गिरणी!" प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथाचं काम त्यांना दिलं तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. जुन्या जगानं मरणाबद्दल काय काय म्हटलं, ते शेजारीशेजारी मांडून पाहणारा तो ग्रंथ. इजिप्तच्या मते मेलेल्याचं काळीज तराजूत तोललं जातं, उपनिषदं म्हणतात आत्म्याला मरण नाही, बुद्ध म्हणतो तृष्णा सोडा, चीनचे गुरू सांगतात आईबापांसाठी तीन वर्षं शोक करा. टाइप करताकरता बाई मधेच विचारत, "सर, यातलं खरं कुणाचं?"

"ते बाराव्या प्रकरणात," प्राध्यापक हसून म्हणत.

अकरा प्रकरणांना नऊ वर्षं लागली. अकरावं ग्रीकांचं: जे आपल्या हाती नाही त्याचं दुःख करू नये. ते निम्मं झालं आणि बाईंचा नवरा गेला. सकाळी दाढी करताकरता खाली बसला, तो उठलाच नाही. नवव्या दिवशी बाई कामावर हजर. घर खायला उठत होतं.

प्रकरण संपलं त्या दुपारी प्राध्यापकांनी चाचरत विचारलं, "बाई, एवढं सगळं तुमच्या हाताखालून गेलं. त्या दिवसांत यातलं काही उपयोगी पडलं का हो?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी, असं बाईंच्या मनात आलं. तोंडून मात्र खरं निघालं. "नाही, सर. एक ओळ आठवली नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आली, काही न बोलता भांडी घासून गेली. तेवढंच आठवतं."

प्राध्यापकांनी त्या प्रकरणाचे कागद गोळा केले आणि पिशवीत घालून घरी नेले. बारावं प्रकरण त्यांनी कधी लिहायला घेतलंच नाही.

बाईंच्या जिवाला ते लागलं. आपल्या एका वाक्यानं या माणसाच्या जन्मभराच्या कामावर पाणी फिरवलं! दोन वर्षांनी प्राध्यापक अंथरुणाला खिळले, तेव्हा बाईंनी विचारलंच, "माझ्यामुळे थांबलात ना?"

"काहीतरीच काय! उत्तर माझ्याकडे नव्हतंच. नऊ वर्षं तुम्हाला थापा मारल्या." ते हसायला गेले आणि खोकल्यानं त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

बाईंना ते पटलं नाही. आठवड्यानं प्राध्यापक गेले.

ग्रंथ छापला गेला नाही. त्यांच्या भाचीनं कागदांचा गठ्ठा बाईंच्या दारात आणून ठेवला. "मामा म्हणाला होता, हे तुमच्याकडेच असू दे."

बाईंनी ग्रीकांचं प्रकरण काढलं. नवरा गेल्यानंतरची पानं आपण नीट टाइप केली, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ओळीओळीत अक्षरं गळालेली, एक परिच्छेद दोनदा आलेला, आणि एका वाक्याच्या मधोमध नवऱ्याचं नाव. एरवी एका चुकीसाठी पान परत धाडणाऱ्या प्राध्यापकांनी इथे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात सगळं स्वतःच सुधारलं होतं. बाईंना कधी कळूही दिलं नव्हतं.

त्या नावावर मात्र त्यांनी रेघ मारलेली नव्हती.