नाकाचं माप
मिठागराच्या चिखलाचा वास आला की मला आमच्या बाळकुम गावातली ती दुपार आठवते. एक गोरा साहेब लोखंडी चिमटा घेऊन गावात आला होता आणि त्यानं मिठागरावरून कामाहून आलेल्या बाबांना बाकावर बसवून त्यांच्या डोक्याचं, नाकाचं माप घेतलं. “ह्ये कशाला, भाऊसाहेब?” बाबांनी त्याच्या कारकुनाला विचारलं. “नाकावरून माणसाचा वंश कळतो. बसकं नाक हलक्या लोकांचं,” कारकून म्हणाला. बाबा घरी आले. माझी बहीण तेव्हा तान्ही होती. “पोरीचं नाक रोज चिमटून वर काढ,” ते आईला म्हणाले. आई हसली, “अवो, तुमचंच नाक हाय तिला.” “म्हनूनच सांगतो,” बाबा म्हणाले. पुढे कितीतरी दिवस अंघोळीच्या वेळी आई नाक चिमटायची आणि बहीण कळवळून रडायची. आता बहीण आपल्या लेकीचं नाक चिमटते. का, ते तिला ठाऊक नाही, आणि मला सांगवत नाही.