डोळ्यांचा दोष

अंबडच्या कोर्टासमोर आम्ही दोघं एकाच गाळ्यात अर्ज टाइप करायचो. ते वयानं मोठे, कॉम्प्युटर त्यांनीच मला शिकवला, म्हणून मी त्यांना दादा म्हणायची. दोघांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स त्यांनीच घातलं होतं. मागच्या वर्षी आम्ही एकसारखे नवे मॉनिटर घेतले. चित्र काचेसारखं स्वच्छ. पण टायपिंगचा आमचा जुना प्रोग्राम उघडला, की खिडकी काड्यापेटीएवढी आणि अक्षरं मोहरीएवढी.

"दादा, हे असं का दिसून राह्यलं?"

माझ्या मागे वाकून त्यांनी पाहिलं. "मला तर बराबर दिसतंय. डोळे दाखव एकदा. वय झालं आता."

मी जालन्याला जाऊन चष्मा केला. तरी नाक पडद्याला टेकायचं. एका वाटणीपत्रात गट नंबरातल्या चारचा पाच झाला आणि वकिलांनी सगळ्यांसमोर कागद परत केला. मग माझ्याकडचे लोक दादांच्या टेबलाकडे सरकू लागले. "तू आराम कर, मी घेतो," ते म्हणायचे. मला ती माया वाटली. नजर गेली म्हणून मी स्कूटीसुद्धा सोडली, वडीगोद्रीच्या घरून एसटीनं येऊ लागले.

एका दुपारी दादा कोर्टात गेल्ते. माझा प्रिंटर अडला म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या मशीनवर बसले; एरवी त्यांचा पडदा भिंतीकडे तोंड करून असायचा, मला दिसायचा नाही. तोच प्रोग्राम उघडला. पडदाभर खिडकी, हरभऱ्याएवढी अक्षरं! मी त्या प्रोग्रामच्या चिन्हाची माहिती उघडली. प्रोग्राम सुरू करायच्या आज्ञेच्या ओळीत एक सूचना जोडलेली होती: आकार दुप्पट. खाली बदल केल्याची तारीख. मॉनिटर आले त्याच दिवसाची.

तीच ओळ मी माझ्या मशीनवर लिहिली. सगळं लख्ख दिसलं. चष्मा काढून ठेवला.

दादा आले, माझा पडदा पाहून थबकले.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"मंग? सगळंच शिकवत बसायचं का मी?" त्यांनी फाईल टेबलावर टाकली. "माझंबी पोट हाय."

दुसऱ्या दिवशी मी माझं टेबल तहसीलच्या बाजूला हलवलं. चहाच्या टपरीवर ते भेटतात, मान हलवतात. मीही हलवते. पण आता कुणी काळजीनं म्हणालं, "बाई, थकल्यासारख्या दिसता," तरी मी आधी त्या माणसाकडे नीट बघून घेते.