बरणीतली पलटण

कवळ्या बनवणाऱ्या बाईंना एक वेगळाच नाद होता. टेबलावर मांडून युद्धाचा खेळ खेळतात, त्यातले बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक त्या जुने विकत घ्यायच्या, आधीच्या मालकाचा रंग उतरवायच्या आणि आपल्या फौजेच्या निळ्या रंगात रंगवायच्या. दिवसभर लोकांचे दात घडवायचे, घरी आल्यावर भिंगाखाली सैनिकांच्या भुवया काढायच्या. "तुला मोठं काही दिसतं का गं?" असं बस चालवणारा नवरा चिडवायचा.

त्या सकाळी कामावर निघताना त्यांनी नवी आलेली अख्खी पलटण रंग उतरवायच्या औषधात बुडवली. आधीच्या मालकाचं काम इतकं सुरेख होतं, की क्षणभर हात अडखळला. पण निळ्या फौजेत लाल शिपाई कसे चालतील? झाकण लावून त्या निघाल्या.

कामावर मेण तापवत होत्या, तोच फोन वाजला. सैनिक विकणारी मुलगी होती.

"ताई, ते आहेत ना अजून तसेच?" तिने घाईघाईने विचारलं. "माझ्या दादाचे आहेत. त्याला अर्धांगाचा झटका आला होता, डॉक्टरांनी आशा सोडली. मी खोली आवरायला घेतली आणि... काल तो घरी आला हो. आल्या आल्या कपाटाकडे बोट दाखवलं. उजवा हात गेलाय त्याचा. आता परत नाही रंगवता येणार."

"बघते," एवढंच बोलून त्यांनी घरी फोन लावला. नवरा रात्रपाळी करून झोपला होता. वाजून वाजून फोन थांबला. त्यांनी परत लावला.

"कोण मेलंय?"

"ऊठ आधी. ओट्यावरची बरणी उघड. हातमोजे घाल, खिडकी उघड."

"त्यात काय मुरत घातलंयस?"

"थट्टा नको रे! चिमट्याने एकेक बाहेर काढ. पायाखालच्या चकतीला धर, अंगाला लागू देऊ नकोस. रंग मऊ झाला असेल."

मग फोनवर त्याचा श्वासही ऐकू येईना. एवढी मोठी बस चालवणारा माणूस श्वास रोखून उभा होता.

"अगं, याचं तोंड घसरतंय."

"राहू दे. दुसरा घे. साध्या पाण्यात बुडव, चोळू नकोस, पुसू नकोस. तसाच उभा ठेव."

"हातच थरथरतोय माझा."

"कोपर ओट्यावर टेक."

बाई सुटी टाकून घरी पोचल्या. ओट्यावर पलटण उभी होती. तळाशी असलेले पार उघडे पडले होते, बऱ्याच जणांच्या अंगावर रंगाच्या सुरकुत्या होत्या, वरचे थोडे बचावले होते. नवरा घामाने भिजून शेजारी बसला होता.

"आपण हुबेहूब रंगवून देऊ," तो म्हणाला. "त्याला काय कळणार?"

पण दुसऱ्या दिवशी तो दादा बहिणीच्या आधाराने स्वतःच आला, तेव्हा त्यांनी सगळं त्याच्यापुढे मांडलं आणि जे झालं ते सांगितलं. बहीण रडायला लागली. दादाने डाव्या हाताने एक उघडा शिपाई उचलला. बराच वेळ फिरवून पाहिला.

"मी रंगवून देते," बाईंना राहवेना. "उरलेले बघून अगदी तुमच्यासारखे."

"खोटी... सही करणार?" त्याची जीभ जड होती, डोळे लाल झाले होते. "नको."

त्याने बऱ्यावाईटासकट सगळे डब्यात भरायला लावले आणि नमस्कारही न करता गेला. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मग एकदा बहिणीचा फोन आला: दादाने बोलावलंय. बाई धास्तावतच गेल्या. टेबलावर एक उघडा शिपाई उभा होता. बुटांचा काळा रंग गुडघ्यापर्यंत चढला होता. दादाच्या डाव्या हातात ब्रश होता.

"धरायला... कोणी नाही," तो म्हणाला. "ही सारखी हलते."

बहिणीने तोंड वाकडं केलं. बाईंनी खुर्ची ओढली, शिपाई चकतीला धरला आणि कोपर टेबलावर टेकलं. ब्रश हेलकावत आला, कोटाऐवजी त्यांच्या अंगठ्यावर लाल रेघ उमटली.

"हलू नका हो!" तो खेकसला.

"नाही हलत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी श्वास रोखून धरला.